सांगोल्याची नाडी

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता. पण मागच्या निवडणुकीच्या आधी, सांगोल्यातल्या एका बाईला मिरचीचा ठसका लागला आणि तिकडे मुंबईत शेअर बाजार चारशे अंशांनी कोसळला. टीव्हीवरचे कोटवाले तज्ज्ञ दिवसभर तेलाच्या भावावर बोलले, अमेरिकेवर बोलले, समुद्रातल्या कुठल्याशा बोटीवर बोलले. आणि खरं कारण होतं ब्याडगी मिरची. रांग लांब आहे, नंबर यायला अवकाश आहे, तोवर ऐका.

बाईचं नाव वर्षाराणी येलपले. वय पंचेचाळीस, आवाज खणखणीत. जनावरांच्या बाजारतळामागं तिचं मसाला कांडप. तालुक्यातल्या बाया मिरच्या, धने, खोबरं घेऊन यायच्या, आणि मसाला कुटून होईपर्यंत घरचं सगळं बोलून मोकळ्या व्हायच्या. कुणाच्या पोराची नोकरी गेली, कुणाच्या डाळिंबाला भाव लागला, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली. वर्षाराणी यंत्रात मिरच्या लोटत सगळं ऐकायची आणि मध्येच एखादा टोमणा हाणायची. नवरा धनंजय याचं कचेरी रस्त्याला शेअरचं ऑफिस. डाळिंबवाल्यांचे पैसे बाजारात लावून द्यायचे, हा त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता. फक्त पडद्यावरचा आकडा हलला की त्याला समोरचं माणूस दिसायचं बंद व्हायचं.

आता कड्याचं सांगतो. तुमच्या मनगटावर आहे तसलंच, विमा कंपनीनं फुकट वाटलेलं. ते नाडी मोजतं एवढंच आपल्याला माहीत. पण नाडीत पुष्कळ काही असतं. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. माणूस निवांत असला की ते सैल असतं, कमी-जास्त होत राहतं. मन आखडलं की ठोके घड्याळासारखे एकसारखे पडायला लागतात. मोबाइलवर तुम्ही कुठली बातमी कधी उघडली हे कंपनीला ठाऊक असतं, आणि त्याच क्षणी तुमची नाडी काय म्हणाली तेही ठाऊक असतं. दोन्ही शेजारी ठेवलं की पुढाऱ्याचं नाव वाचून तुम्हाला गोड वाटलं की आंबट, ते तुमच्या आधी कंपनीला कळतं. अशी पन्नास कोटी कडी. मग मतं कशाला मोजायची? तरी अडचण होतीच. पन्नास कोटींची गोळाबेरीज आजचं सांगते. बाजाराला उद्याचं पाहिजे असतं.

ती अडचण सोडवली पुण्याच्या डॉ. हेमांगी दाबके यांनी, आणि एक दिवस त्या स्वतः नाकाला रुमाल लावून, डोळे मिचमिचवत कांडपाच्या दारात उभ्या राहिल्या.

"वर्षाराणी येलपले कोण?"

"मीच. किती किलो आहे?"

"मसाला नाही करायचा. तुमच्याशी बोलायचंय."

"मग रांगेत या. बोलायलासुद्धा रांग असती इथं."

दाबकेबाई निमूट रांगेत उभ्या राहिल्या, तिथंच वर्षाराणीला त्या आवडल्या. नंबर आल्यावर तिनं त्यांना मागच्या खोलीत नेलं, धनंजयला बोलावून घेतलं आणि चहा टाकला.

"ताई, पक्ष्यांचा थवा वळताना तुम्ही पाहिलाय का?" बाईंनी सुरुवात केली.

"मेंढरांचं सांगा. मेंढरं रोज बघते."

"बरं, मेंढरं. कळप वळतो तेव्हा सगळी एकदम वळत नाहीत. एक आधी मान वळवतं, मग त्याच्या शेजारची, मग बाकीची. ते काही पुढारी नसतं. त्याचं ऐकून कुणी वळत नाही. त्याला फक्त वारा आधी लागतो. आम्ही गेल्या तीन निवडणुकांची सगळी नोंद चाळली. देशात सगळ्यांच्या आधी कोणाची नाडी वळते, ते यंत्राला शोधायला लावलं. मला वाटलं होतं, हजारभर माणसं सापडतील."

"मग?"

"एकच सापडलं. देशाचं मन जिथं वीस-बावीस दिवसांनी जातं, तिथं तुमचं आधीच पोचलेलं असतं. दर वेळी."

वर्षाराणी हसली. "मॅडम, माझ्या सांगण्यावरून माझा नवरा भाजी आणत नाही."

"तुम्ही सांगत नाही हो. तुम्ही आधी वळता. तालुक्यातलं प्रत्येक घर तुमच्यासमोर येऊन बोलतं. तुमच्या कानावर काय पडतं ते तुम्ही विसरता, नाडी विसरत नाही."

धनंजयचा चहा बशीतच निवला. "आणि हा जो आकडा निघतो," त्यानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो कोण घेतं?"

"कंपनी मोठ्या गुंतवणूकदारांना विकते. ताईंचं नाव कुणालाच सांगत नाही. नाव गुप्त, आकडा उघड."

त्या निवडणुकीत दोनच बाजू होत्या. शिडीवाले सत्तेवर होते. घागरवाले म्हणत होते, शेअरच्या नफ्यावर जादा कर लावू आणि गावोगाव दवाखाने काढू. त्यामुळं शिडीची हवा आली की बाजार वर, घागरीची आली की खाली. आणि आता हवा कुठली आहे ते ठरत होतं सांगोल्यात, कांडपामागच्या खोलीत.

धनंजयनं आधी खात्री करून घेतली. ब्याडगीची पोती आली त्या दुपारी तो मोबाइल घेऊन दारात बसला. वर्षाराणीला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, छाती धडधडली. त्याच वेळी तिच्यासमोरच्या पडद्यावर अर्थमंत्र्यांचं भाषण चालू होतं. यंत्र बिचारं काय समजणार? घागरीची हवा. चारशे अंश. तिनं घोटभर पाणी पिऊन गुळाचा खडा तोंडात टाकला, तसे अडीचशे परत आले. धनंजय उठून उभा राहिला आणि त्यानं चक्क बायकोला नमस्कार केला.

"काय झालं तुम्हाला?" ती म्हणाली.

"काही नाही. गूळ आहे ना घरात? लागला तर सांग."

पुढं दाबकेबाईंनी ठसका वजा करायची सोय यंत्रात केली, पण राग आणि आनंद कसे वजा करणार? आणि मग त्या घरात जो आनंद सुरू झाला, विचारू नका. बाजार उघडायच्या आधी धनंजय स्वतः चहा करायला लागला. गजरा यायला लागला, तोही रोज. तिच्या आवडीची शेंगापोळी पंढरपूरहून यायला लागली. बाजार मिटायच्या आधी तो तिला गाडीवर बसवून माण नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणायचा, आणि पुलावर गार वारा लागून ती गुणगुणायला लागली की सकाळी घेऊन ठेवलेले शेअर त्याच्या डोळ्यांसमोर फुलायचे. वर्षाराणीला वाटलं, नवऱ्याला या वयात आपली किंमत कळली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं विचारलं होतं, "आज दिवस कसा गेला?" ती फुलून आली. देशही फुलून आला. बाजारानं उच्चांक केला, शिडीवाल्यांनी पेढे वाटले.

गावाला कुणी सांगितलं नाही, पण गावाला कळलं. धनंजयच्या ऑफिसातले डाळिंबवाले काही आंधळे नव्हते. साडीवाला म्हणाला, वहिनी, पसंत पडली तर घेऊन जा, पैशाचं नंतर बघू. भाजीवालीनं घासाघीस बंद केली. तिच्याशी भांडायला कुणी तयार होईना. एकदा एका म्हातारीचा मसाला तिनं खरंच करपवला, तर म्हातारी म्हणाली, "असू दे बाई, खरपूस लागतो." तेव्हा मात्र वर्षाराणीच्या मनात पाल चुकचुकली. करपलेल्या मसाल्याला खरपूस म्हणणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती.

मग ती सकाळ आली. धनंजयनं चहा केला नाही. गजरा नाही. वर्षाराणी कांडपावर निघाली, तसा तो म्हणाला, "ते कांडप विकून टाकू आपण. कोण येतं आता? तयार पाकिटं मिळतात दुकानात. तुझ्या मसाल्याला आता चव राहिली नाही, लोक तोंडावर बोलत नाहीत एवढंच."

तिला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. ते कांडप तिनं स्वतः उभं केलं होतं. ती कांडपावर गेली. दिवसभर मिरच्या लोटत राहिली आणि डोळ्यांतल्या पाण्याचं खापर मिरचीवर फोडत राहिली. त्यात बातम्या लावल्या, तर सरकारचं तोंड बघवेना. घरात आंबट झालं की बातमीही आंबट लागते, हे काही शास्त्रज्ञानं सांगायला नको. बाजार आपटला. असा आपटला की दोन तास व्यवहार थांबवावे लागले.

दुपारी ती डबा द्यायला ऑफिसात गेली. राग असला तरी डबा चुकवायची तिची रीत नव्हती. धनंजय पाठमोरा होता, फोनवर कुणाला तरी सांगत होता, "मी कालच मंदी करून ठेवली होती ना. विकून बसलो होतो. खाली आल्यावर उचललं. अरे, सांगतो तुला, आधीच माहीत होतं."

वर्षाराणीनं डबा टेबलावर ठेवला. आवाज झाला तसा तो वळला.

"काल विकून ठेवलं," ती म्हणाली, "आणि आज सकाळी मला बोललात."

"राणी, ऐक तर."

"एकच विचारते. माझ्या मसाल्याला चव नाही, हे तुमचं मत आहे की धंदा?"

त्यानं डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"बरं, ते राहू द्या. गजरा?"

त्याचंही उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आणि गंमत बघा, खरंच नव्हतं. पहिला गजरा बाजारासाठी आणला होता हे त्याला पक्कं आठवत होतं. पण पुलावर ती गाणं म्हणायची तेव्हा तो मोबाइल बघायचं विसरायचा, हेही खरं होतं. कुठलं कधी सुरू झालं, त्याचं त्याला सांगता येईना.

ती तडक माहेरी गेली. माहेर म्हणजे बाजारतळाच्या पलीकडे, चालत पाच मिनिटं. तिचा बाप सांगोल्याच्या बाजारातला नामांकित हेडी. हेडी म्हणजे जनावरांचे सौदे जुळवणारा दलाल. असा हेडी पुन्हा झाला नाही. दिसायला देखणा, बोलायला गोड, बैलाच्या डोळ्यांत बघून त्याच्या मालकाचं खोटं ओळखणारा. पिळदार मिशा, या वयातही. तर असो.

"आबा," ती म्हणाली, "मला कुणी खरं बोलेना झालंय. भांडायलासुद्धा माणूस राहिलं नाही."

तुम्ही विचाराल, मग कडं काढून का नाही फेकलं? फेकलं होतं की. दुसऱ्याच दिवशी सकाळी काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं. तासाभरात बाजारात बोंबाबोंब. आकडा नाही म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, असं समजून लोक विकत सुटले. दाबकेबाईंचा फोन आला, रडवेल्या आवाजात.

"ताई, कडं घाला. पाया पडते. माझं गणित उलटं फिरलंय. आधी वारा कुठला ते तुम्ही दाखवत होता. आता वाराच तुमच्याकडं बघून वाहतोय. तुमचा आकडा पडला की बाजार पडतो, बाजार पडला की लोकांची शिल्लक पडते, शिल्लक पडली की लोक सरकारवर चिडतात, आणि मत बदलतं. तुमच्या घरातल्या भांडणावर देशाचं सरकार ठरायला लागलंय."

"म्हणजे माझं मत ते सगळ्यांचं मत?"

"मत नाही. तुमचं मन. त्याच्यावर आता कुणीतरी हात ठेवून बसलंय."

तिनं कडं घातलं. आणि घाबरली, खरंच घाबरली. इतके दिवस तिला वाटत होतं की शिडी की घागर हे मतदानाला जाताना ठरवू. आता तिला कळेना, की आपल्याला जे वाटतं ते आपलं आहे की गजऱ्याचं, की टोमण्याचं. तेवढं एक आपलं आपल्याला परत मिळावं, बाकी बाजार गेला खड्ड्यात, असं तिला वाटायला लागलं.

आबानं खांद्यावरचा रुमाल काढला. "हात पुढं कर."

रुमालाखाली सौदा कसा होतो ते तुम्हाला माहीत असेल. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं दाबली, त्यावर भाव. बाहेर तोंडानं काहीही बडबडायचं, बैल म्हातारा आहे, दात पडलेत. आत बोटं खरा भाव बोलतात आणि भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. पण खरा हेडी बोटांवर थांबत नाही. त्याचा अंगठा हळूच समोरच्याच्या मनगटावर जातो. नाडी सांगते, हा अजून वर चढेल की नाही.

"मग तुमची नाडी कुणी बघितली तर?" तिनं विचारलं.

"पन्नास वर्षं लोक बघत आले. कुणाला काय सापडलं?"

"कसं काय?"

"म्हैस रवंथ करताना बघितलीस? तसा श्वास घ्यायचा. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. तोंडानं बोल, भांड, हस. पण पोटातली म्हैस उठवायची नाही."

दिवसभर ती बापासमोर हात पुढं करून बसली. बापानं तिला शिव्या दिल्या, लहानपणीच्या चोऱ्या काढल्या, तिच्या आईची आठवण काढली. पहिल्यांदा नाडी उसळली, दुसऱ्यांदा कमी उसळली, आणि दिवे लागायच्या वेळी त्या म्हाताऱ्याचा अंगठा तिच्या मनगटावर नुसता बसून राहिला. यात जादू काही नाही. पुढं दाबकेबाईंनीच सांगितलं, की इतक्या संथ श्वासाची लाट नाडीवर एवढी मोठी उठते की मनाचे बारीक तरंग तिच्याखाली बुडून जातात. यंत्राला लाट दिसते, मन दिसत नाही.

आणि मग आकडा सपाट झाला. वर नाही, खाली नाही. मतदान तोंडावर, आणि बाजाराला हवा कळेना. दोन दिवस नुसता गोंधळ. तिसऱ्या दिवशी कुणालातरी आठवलं की कंपन्यांचे ताळेबंद नावाची एक गोष्ट असते. लोक ते वाचायला लागले. कारखाना चालतो का, माल खपतो का, हे विचारायला लागले. वर्तमानपत्रांनी याला अभूतपूर्व म्हटलं.

"ताई, कडं बिघडलं का?" दाबकेबाईंनी फोन करून विचारलं.

"नाही मॅडम. रवंथ चाललंय."

पलीकडे दाबकेबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

हसत नव्हता एक धनंजय. त्यानं पुन्हा मंदी करून ठेवली होती, आणि या वेळी घरचं सगळं लावून. मतदानाच्या आदल्या दिवशी, बाजार मिटायला तासभर असताना, तो कांडपावर आला. तोंड उतरलेलं. वर्षाराणीनं बायांना बाहेर थांबायला सांगितलं.

"एवढंच सांग," तो म्हणाला. "शिडी की घागर? परत काही विचारणार नाही. शिडी असेल तर आत्ता सगळं सोडवून घेतो. घागर असेल तर राहू देतो."

ती पोत्यावर बसली, त्याला शेजारी बसवलं, पदर पुढं ओढला आणि पदराखाली त्याचा हात धरला. धनंजय काही बाजारतळावर वाढलेला नव्हता, पण सासऱ्याची रीत त्याला ऐकून माहीत होती. एक बोट दाबलं तर पहिलं चिन्ह, दोन दाबली तर दुसरं, असं त्यानं मनाशी धरलं आणि वाट बघत बसला. एक बोट नाही, दोन नाही. नुसता हात.

"म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे काही नाही. हात धरलाय."

"राणी, तास राहिलाय फक्त."

"मग सोडवून घ्या हात आणि जा. मी घट्ट धरलेला नाही."

खरंच धरलेला नव्हता. धनंजयनं दाराकडं पाहिलं. खिशात मोबाइल थरथरत होता, एकदा, दोनदा, मग सारखा. त्यानं हात हलवला, आणि तिला वाटलं, गेला. पण त्यानं नुसतं बूड सावरलं. पोतं टोचत होतं.

"तुझा मसाला," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "चांगला असतो. तिखट जरा जास्त असतं."

"हे कशासाठी बोलताय?"

"माहीत नाही. बाजार मिटला."

मिटला होता. बाहेर बाया ओरडत होत्या की अंधार पडायच्या आत आमच्या मिरच्या कुटणार आहात की नाही. वर्षाराणीच्या पोटातली म्हैस तेव्हा पहिल्यांदा उठली, आणि चांगली धावली. पण बाजार बंद होता. त्या धावण्याचा भाव कुणालाच लावता आला नाही.

निकालाच्या दिवशी धनंजयचं काय झालं? निम्मं गेलं, निम्मं राहिलं. आता तो फक्त लोकांचे पैसे लावतो आणि दुपारी कांडपावर हिशेबाला बसतो. ती त्याच्याशी रोज भांडते, तोही भांडतो, आणि दोघांची तब्येत सुधारली आहे.

पण मतदानाचं राहिलं. सकाळी सात वाजता वर्षाराणी केंद्रावर गेली. आत जाताना सगळ्यांची कडी बाहेर परातीत काढून ठेवायची, असा नियम झाला होता. तिनं काढलं. मनगटावर पांढरा पट्टा पडलेला, तिथं वारा लागला आणि तिला एकदम हलकं वाटलं. बोटाला शाई लावली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती गेली. सगळा देश, सगळा बाजार, मुंबईतले ते कोटवाले, सगळे बाहेर राहिले. तिनं एकदा शिडीकडं पाहिलं, एकदा घागरीकडं पाहिलं. दवाखान्यांचा विचार केला, डाळिंबवाल्यांचा विचार केला, आणि मग तिनं बोट उचललं आणि बरोबर घागरीसमोरचं बटण...

"खोटं."

कांडपाचं यंत्र बंद झालं. मिरच्यांच्या धुरळ्यातून, तोंडाला पदर बांधलेली वर्षाराणी पुढं आली. रांगेतल्या बाया तिच्याकडं वळल्या. हिशेबाला बसलेल्या धनंजयनं मान वर केली.

"आबा, इतका वेळ तुम्ही काय वाटेल ते सांगत होतात, मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "मिशांचंसुद्धा ऐकून घेतलं. पण हे खोटं. तिथं आत मी एकटीच होते."